आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं

माझाच प्रबंध सरांनी माझ्या तोंडावर मारला.

दोनशे ऐंशी पानं. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. पहिला फटका गालावर बसला, सपाट. दुसरा कडेनं बसला. स्पायरलच्या तारेचं टोक डाव्या भुवईत घुसलं आणि ओढलं गेलं. आधी दुखलं नाही. आधी डोळ्यात काहीतरी गरम उतरलं आणि विभागाची खोली लाल झाली.

"माझे आभार मानतो? माझे?"

मी म्हणालो, "सर, काय चुकलं?"

मला खरंच कळलं नव्हतं. तेव्हा तिसरा बसला, हातानं. मी मागच्या कपाटावर आदळलो. वरचे उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे माझ्या खांद्यावर पडले.

"डोंगरातून उचलून माणसांत बसवला तुला. सात वर्षं. आणि तू माझ्याच घराला काडी लावतोस? तुझ्या आईनं झाडपाल्यात वाढवलं तुला, तुला काय कळणार उपकार!"

खोलीत तिसरी व्यक्ती होती. वैशाली मॅडम. माझ्यासारख्याच तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, माझ्यासारख्याच सरांच्या संशोधक विद्यार्थिनी. त्या खाली वाकून सुटलेली पानं गोळा करत होत्या. वर बघत नव्हत्या.

सरांनी घड्याळ पाहिलं. शर्टाची बाही सारखी केली. श्वास खाली बसू दिला. मग रोजच्या आवाजात म्हणाले,

"तोंड धू. अकराला उद्घाटन आहे. शेवटी आभार तुझ्याकडे आहेत. नीट बोल."

बाहेर सभागृहाच्या दारावर मीच सकाळी बॅनर बांधला होता. 'कठीण काळात प्राध्यापकांचे मनःस्वास्थ्य आणि कार्यक्षमता : एकदिवसीय कार्यशाळा'. संयोजक म्हणून सरांचं नाव. खाली त्यांचा हसरा फोटो.

मी नळाखाली डोकं धरलं. बेसिन गुलाबी झालं.

*

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकलो. आमच्या घरात दहावीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळे आला, मग पदवीचा आला. आई आणि पाड्यावरच्या बाया भात कापून झालं की द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला जात. दिंडोरीकडे, निफाडकडे. जीपमध्ये कोंबून. मी त्यांच्यासोबत जाऊन मळ्याच्या कडेला बसून पुस्तकं वाचली आहेत.

नाशिकला एम.ए.ला आलो तेव्हा सरांनी वर्गात विचारलं, "विषय कुठला घ्यायचाय पुढे?" मी म्हणालो, "आमच्या बाया, सर. मळ्यावर जातात त्या." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला मार्गदर्शन करायचं कबूल केलं. त्याच कॉलेजात तासिका मिळवून दिल्या. मी त्यांच्या पाया पडलो, आणि मनापासून पडलो.

कोणी काही दिलं की आभार मानायचे, हे मला आश्रमशाळेत शिकवलं होतं. जेवणाआधी रांगेत उभं राहून आम्ही देणगीदारांचे आभार मानत असू. भात गार होईपर्यंत. ती सवय माझ्या हाडात गेली होती. म्हणून कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असला की आभारप्रदर्शन माझ्याकडे. अध्यक्षीय भाषण प्राचार्यांचं, प्रास्ताविक सरांचं, परिचय कायम नोकरीतल्या एखाद्या मॅडमचा. आभार माझे. तेव्हा लोक उठायला लागलेले असतात, चहाच्या वासाकडे माना वळलेल्या असतात. मी बोलत राहायचो. माइकवाल्यापासून रांगोळी काढणाऱ्या मुलींपर्यंत एकही नाव सोडायचो नाही. सर म्हणायचे, "हा आमचा आभारसम्राट." मला त्यात मान वाटायचा. आज ते आठवलं की दात आवळले जातात.

सरांच्या भावाचा मळा दिंडोरीकडे. संशोधन सुरू झालं त्या वर्षी, ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी, सरांचा फोन आला.

"अरे, तुमच्याकडच्या बाया मिळतील का? भावाला अडचण आहे. तुझ्या ओळखीच्या आण. तुझ्या मुलाखतीही होतील. एका दगडात दोन पक्षी."

मी पाड्यावर गेलो. घराघरात गेलो. "माझ्या सरांचा मळा आहे, काळजी नाही," असं सांगितलं. बाया निघाल्या, कारण मी सांगितलं होतं. पाड्यावरचा पहिला शिकलेला पोर. दुसऱ्या वर्षीही निघाल्या. तिसऱ्या वर्षीही.

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मुकादम कोणाला म्हणतात याची व्याख्या आहे. जो स्वतःच्या नात्यातली, गावातली माणसं ओळखीच्या जोरावर मळेवाल्याला पुरवतो, तो. ती व्याख्या मी लिहिली. चार वेळा तपासली. त्यात माझं तोंड मला दिसलं नाही.

*

तिसऱ्या वर्षीची गोष्ट.

छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, डोळे लवकर फुटावेत म्हणून. ते औषध जहाल असतं. हातमोजे द्यावे लागतात. त्या मळ्यात दिले नव्हते. बायांनी चिंध्या गुंडाळल्या होत्या. दुपारी माझी सोमीमावशी, आईची मावसबहीण, चिंधी भिजून हात भाजायला लागले म्हणून धावत घराजवळच्या पाण्याच्या टाकीकडे गेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

सरांच्या भावानं ते पाहिलं.

"टाकी बाटवली! प्यायचं पाणी आहे ते!"

ठिबकच्या नळीचा तुकडा पडला होता. काळी, जाड नळी. त्यानं ती उचलली आणि मावशीच्या पाठीवर मारली. मग मांड्यांवर. मग ती खाली बसली तेव्हा डोक्यावरच्या हातांवर, त्याच भाजलेल्या हातांवर. नळीचा आवाज ओल्या कपड्यासारखा येतो. बाया ओळीत उभ्या होत्या. कोणी हललं नाही. माझी आई तेवढी हलली, तर तिला एकीनं मागं ओढलं.

मी पाच पावलांवर होतो. माझ्या हातात रेकॉर्डर होता. चालू होता.

मी तो बंद केला.

सरही त्या दिवशी मळ्यावर आले होते, घराच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जसं वर्गात बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात.

हे मी कार्यशाळेच्या दिवसापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. रेकॉर्डरचं बटण दाबल्याचा तो बारीक आवाज मला अजून ऐकू येतो.

सहा महिन्यांनी मी मावशीच्या घरी गेलो आणि पुन्हा रेकॉर्डर लावला. ती जे बोलली ते अक्षरशः उतरवून घेतलं. संशोधनाचे नियम असतात : नाव बदलायचं, जागा लपवायची. मी नाव बदललं. मळ्याला आकडा दिला. मळा क्रमांक तीन. ती मुलाखत चौथ्या प्रकरणात घातली आणि मला वाटलं, मी फेडलं.

सर प्रकरणं वाचत नसत. सात वर्षांत त्यांनी माझं एक प्रकरण पूर्ण वाचलं नाही. "चांगलं चाललंय, लिहीत राहा." छापून आलेल्या माझ्या दोन लेखांवर त्यांचं नाव पहिलं होतं. मला वाटायचं, मोठ्या माणसांना वेळ नसतो.

पण एक पान मार्गदर्शक वाचतोच. ऋणनिर्देश. आपलं नाव कुठं आलंय ते बघायला.

माझा ऋणनिर्देश तीन पानांचा होता. आईपासून सुरुवात. मग पाड्यावरच्या अकरा बाया. मग सर. आणि सरांच्या परिच्छेदात मी, आश्रमशाळेत शिकल्याप्रमाणे, एकही उपकार न सोडता लिहिलं होतं : 'क्षेत्रकार्यासाठी आपल्या बंधूंचा मळा (मळा क्रमांक तीन) मोठ्या मनाने उपलब्ध करून दिल्याबद्दल मी सरांचा आजन्म ऋणी आहे.'

दोनशे ऐंशी पानांत लपवलेली जागा मी स्वतःच्या हातानं, आभार मानताना, उघडी केली होती.

खोटं नाही सांगत, मी ते मुद्दाम केलं नव्हतं. मी फक्त आभार मानत होतो.

सरांनी तो आकडा वाचला. मग सात वर्षांत पहिल्यांदा मागचं चौथं प्रकरण उघडलं.

*

भुवईवर रुमाल दाबून मी विभागात परत गेलो, तेव्हा सर खुर्चीत बसले होते. माझ्या प्रबंधाचं पहिलं पान त्यांच्यासमोर होतं, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. सहीची जागा कोरी.

"तुझी मुदत पंधरा दिवसांत संपते. वाढवून मिळणार नाही, माहितीये ना?"

"हो सर."

"चौथं प्रकरण काढ. ती बाई काढ. ऋणनिर्देश मी लिहून देतो. संध्याकाळी सही घेऊन जा."

"सर, मग निष्कर्ष उभा राहत नाही."

"निष्कर्ष?" ते हसले. "तुझा निष्कर्ष माझ्या पेनात आहे."

बाहेर वैशाली मॅडमनी मला हळद आणि पट्टी दिली. त्यांच्या पर्समध्ये दोन्ही होतं. का होतं, ते मी विचारलं नाही.

"काढून टाका प्रकरण," त्या म्हणाल्या. "माझंही एक काढलं होतं. मरत नाही माणूस."

"मॅडम, तुम्ही पाहिलं ना आत?"

"मी पानं उचलत होते." त्यांनी माझ्या पट्टीची कड दाबली. जरा जोरात. "सांगून ठेवते. मी काही पाहिलं नाही."

मला त्यांचा राग आला नाही. मीही एकदा बटण दाबलं होतं.

*

कार्यशाळेचा आराखडा मी लिहिला होता. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. करोनानंतरची ती वर्षं, रिकामी पदं, एका माणसावर तिघांचं काम, रोज नवी ऑनलाइन माहिती भरायची, वर्गात मुलं नाहीत आणि अहवालात हवीत. शिक्षक आतून खचलेत हे खरं होतं. मी महिनाभर वाचून सहा पानं लिहिली. तासिकेवरच्या शिक्षकांना बसायला खोली असावी. संशोधकाला मार्गदर्शकाविरुद्ध बोलायला निर्भय जागा असावी. सरांनी ती दोन्ही कलमं काढली, बाकी आपल्या नावानं पाठवलं. मी म्हटलं, निदान कार्यशाळा तरी होतेय. मला खरंच वाटलं होतं की त्या दिवशी काहीतरी बरं होईल.

उद्घाटनाची समई मला आतून आणायला सांगितली. पितळी, कमरेएवढी, जड. मी ती उचलून मंचावर आलो. सर पाठमोरे उभे होते, वाकून प्राचार्यांशी बोलत. त्यांच्या मानेवरचे केस ताजे कापलेले होते. माझ्या हातात समई होती आणि दोन पावलांवर ती मान.

मी मोजून सांगतो, तीन श्वास मी त्या मानेकडे पाहत उभा होतो. समईचा खालचा गोल किती जड, तो कुठं बसेल, आवाज कसा येईल, सगळं मला दिसलं. नळीचा आवाज येतो तसा येणार नाही. वेगळा येईल. माझ्या मनगटांनी ते वजन तोलून पाहिलं.

मग मी समई खाली ठेवली. चांगुलपणानं नाही. मारलं असतं तर उद्याच्या पेपरात मी असतो. डोंगरातला माथेफिरू. आणि मावशी पुन्हा कुठंच नसती.

पुण्याहून एक बाई बोलायला आल्या होत्या. भल्या होत्या. मला पाहताच त्यांनी विचारलं, "अरे, भुवईला काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "गाडीवरून पडला. पायवाटेची सवय, शहरातला रस्ता झेपत नाही."

मंच हसला. समोरच्या दोन रांगाही हसल्या.

फॉर्म वाटले. 'गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा थकवा जाणवला?' मी एक घ्यायला हात पुढे केला तेव्हा वाटणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाहीये हा. कायम असलेल्यांसाठीच आहे. तुम्ही चहाचं बघता का जरा?"

म्हणून मी हातात कपांचा ट्रे घेऊन उभा होतो, जेव्हा पुण्याच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. खोल श्वास घ्या. ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते अशी तीन माणसं डोळ्यांसमोर आणा."

सगळ्यांनी डोळे मिटले. सरांनीही. त्यांच्या चेहऱ्यावर लहान बाळासारखी शांती होती. सभागृहात फक्त माझे डोळे उघडे होते. एक उघडा, एक सुजून अर्धा मिटलेला.

माझ्यासमोर तीन माणसं आली नाहीत. दोन हात आले. टाकीच्या पाण्यात कोपरापर्यंत बुडालेले.

*

आभाराला मी उभा राहिलो तेव्हा सव्वा वाजला होता. लोक पिशव्या आवरत होते. भाजीचा वास येत होता.

खिशात नावांची यादी होती. मी ती काढली नाही. वैशाली मॅडमनी उचललेल्या पानांमधलं एक पान माझ्याकडे होतं. चौथ्या प्रकरणातलं. त्याच्या कोपऱ्यावर माझं रक्त वाळून तपकिरी झालं होतं.

मी म्हणालो, "मी गाडीवरून पडलो नाही. आज सकाळी साडेनऊला माझ्या मार्गदर्शकांनी मला विभागात मारलं. या प्रबंधानं मारलं. कारण या प्रबंधात एक पान आहे. ते मी वाचतो आणि खाली बसतो."

पिशव्यांचा आवाज थांबला.

मी वाचलं. मावशीच्या शब्दांत, तिच्या बोलीत, काहीही न सुधारता.

"'हात जळत व्हते म्हून पाण्यात घातले. तो म्हनं टाकी बाटवली. नळीनं मारलं. लय मारलं. शिकलेला पोरगा उभा व्हता तिथं, आमचाच. त्याच्या हातात यंत्र व्हतं. त्यानं यंत्र बंद केलं.'"

तो शिकलेला पोरगा मी आहे, मी म्हणालो. तिथल्या व्हरांड्यात हे सर बसले होते. तुम्ही सकाळपासून विचारताय, कठीण काळात प्राध्यापकाला आधार कसा द्यायचा. मला विचारा. त्याला मारू नका. तिथून सुरुवात करा. त्याच्याकडून मजूर मागवू नका. त्याचं लिहिलेलं चोरू नका. श्वास मग तो आपला आपण घेईल.

माइक बंद झाला. मी बंद माइकवर पुढची ओळ बोललो. माझा आवाज मोठा आहे, डोंगरावरून हाक मारायची सवय आहे.

"आणि मी आज कोणाचेही आभार मानत नाही."

सर मंचावर चढले. पायऱ्यांवरून नाही, समोरून. त्यांनी माझी कॉलर धरली, शंभर माणसांसमोर. दुसरा हात वर गेला.

तो हात मी मनगटावर धरला.

सात वर्षांत मी त्यांच्या पायांना हात लावला होता. हाताला पहिल्यांदा लावला. मऊ होता. इतका मऊ, की मला आश्चर्य वाटलं. मी पिळला नाही, मुरगळला नाही. नुसता धरून ठेवला. त्यांनी जोर लावला, तो हलला नाही. माझ्या भुवईची पट्टी सुटली आणि रक्त त्यांच्या पांढऱ्या बाहीवर ठिबकलं. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी आयुष्यभर आरशात पाहिलं होतं. भीती.

"हात खाली घ्या," मी म्हणालो. "सर" म्हणालो नाही.

त्यांनी हात खाली घेतला.

*

सरकारी दवाखान्यात तीन टाके पडले. कसं लागलं ते डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. तिथून पोलीस ठाण्यात गेलो.

प्राचार्यांचा फोन आला. "घरातली गोष्ट घरात मिटवू. तुमच्या भविष्याचा विचार करा." मी म्हणालो, "मी तोच करतोय." दुसऱ्या दिवशी वेळापत्रकातून माझे तास गेले होते. वैशाली मॅडम जबाबाला आल्या नाहीत. पुण्याच्या बाईंनी मला मेसेज केला, काळजी घ्या. एवढाच.

मी पेठची एसटी धरून पाड्यावर गेलो. आईनं टाके पाहिले. कोणी मारलं ते तिला विचारावं लागलं नाही. तिनं फक्त विचारलं, "तू मारलं का?"

"नाय."

"बरं केलं," ती म्हणाली. मग चुलीकडे तोंड करून, "मला मारावं वाटलं व्हतं. त्या दिशी. विळा व्हता हातात."

सोमीमावशी आली. तिच्या बोटांची टोकं अजून पांढरी आहेत, तिथं स्पर्श कळत नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती मुलाखत काढली तर मला डॉक्टर म्हणतील, ठेवली तर कदाचित नाही, हेही.

"त्यात माझं नाव हाय?" तिनं विचारलं.

"नाव बदललंय मावशी. तुला त्रास नको म्हणून."

"मार काय बदललेल्या नावाला बसला का?"

मी पिशवीतून ती पानं बाहेर घेतली.

"खोडू नको," ती म्हणाली. "माझं नाव लिही. आन यंत्र बंद करणारा तूच व्हता, तेबी लिही."

मी लिहिलं आहे. दोन्ही.

मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला आहे. मुदत संपेल कदाचित. पुन्हा नोंदणी करावी लागेल, पुन्हा पहिल्या पानापासून. करीन. बाया या ऑक्टोबरला त्या मळ्यावर गेल्या नाहीत. दुसऱ्या मळ्यावर गेल्या, हातमोजे आधी मागून. मी मुकादम म्हणून नाही, रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. तो चालू होता. तो आता कोणाच्या मान हलवण्यानं बंद होणार नाही.

चौथं प्रकरण आहे तिथंच आहे. ऋणनिर्देश मी पुन्हा लिहिला. अर्ध्या पानाचा झाला. त्यात सोमीमावशी आहे, आई आहे, दहा बाया आहेत.

सरांचं नाव त्यात नाही. ते तक्रारीत आहे. पहिल्या ओळीत, पूर्ण नाव, पदासहित.